उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. दैन्याची परिसीमा दाखवावयाची झाली म्हणजे आपल्याला उकिरडा आठवतो, आणि त्याचे भाग्य उजाडावयाचे तर एक तप लोटावे लागते, अशी आपली समजूत दिसते. वस्तुतः ज्या शेतकऱ्याच्या तोंडी ही म्हण आहे, तो दर वर्षी मृगाच्या आधी तोच उकिरडा उपसून गाड्या भरभरून शेतात नेत आला आहे. उकिरड्याचे मोल त्याला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, घरातून रोज बाहेर पडणाऱ्या केरकचऱ्याचे, शेणाचे आणि उष्ट्याखरकट्याचे उत्तम खत होण्यास बारा वर्षे सोडाच, बारा महिनेही लागत नाहीत. नीट काळजी घेतली तर तीन महिने पुरतात. ही काळजी म्हणजे काय, ती घरोघर शिकवण्याचे प्रयत्न आपल्या देशात कोणी व कसे केले, त्यांना यश कोठे आले आणि ते कोठे अडखळले, ही कथा आज सांगावयाची आहे.

कथा खताची असली, तरी तिचे मूळ स्वयंपाकघरात आहे. आंबणे आणि कुजणे ही दोन क्रियापदे आपण अगदी वेगळ्या भावनेने वापरतो. दूध विरजते, आंबोळीचे पीठ आंबते, उत्तरेकडे गाजराची कांजी मुरते. हे सारे आपल्याला इष्ट वाटते. पालापाचोळा कुजतो, शेण कुजते, तेव्हा मात्र आपण नाकाला पदर लावतो. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने या साऱ्या क्रिया एकाच घराण्यातल्या आहेत. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव अन्नावर ताव मारतात, त्याचे रूप बदलतात आणि मागे काही ठेवून जातात. ते मागे राहिलेले आपल्या उपयोगी पडले तर आपण त्याला आंबणे म्हणतो, न पडले तर कुजणे म्हणतो. आपल्या घरच्या बायका या सूक्ष्म जीवांना नावाने ओळखत नव्हत्या. पण त्यांचे स्वभाव त्यांना पुरते अवगत होते. विरजण किती लावावे, थंडीच्या दिवसांत भांडे चुलीच्या उबेला का ठेवावे, पीठ किती सैल भिजवावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. खताला आणि पुढे शेणाच्या वायूला जे ज्ञान लागते, ते याहून निराळे नाही. ओल बेताची हवी, ऊब हवी, क्वचित हवा खेळती हवी, क्वचित ती अजिबात नको, आणि जुन्यातले थोडे विरजण नव्यात हवे. तरीही मागील दारचा उंबरठा ओलांडला की हे सारे ज्ञान जणू घरातच राहून जाई. असे का व्हावे, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला पहिला हात घातला तो एका इंग्रज रसायनतज्ज्ञाने. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास १८८९ साली पाठवले. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी देश पालथा घातला आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या काळच्या राज्यकर्त्यांची ठाम समजूत अशी होती की, येथील शेतकरी अडाणी आहे, त्याला शेणाची किंमत कळत नाही, म्हणून तो गोवऱ्या थापून सोने जाळतो. व्होल्कर साहेबांनी खेडोपाडी जाऊन पाहिले, तेव्हा त्यांना निराळेच आढळले. जेथे सरपण मिळते तेथे शेतकरी शेण जपून शेतात घालतो. जेथे सरपण मिळत नाही तेथेच तो ते जाळतो. म्हणून त्यांनी सांगितले ते असे की, शेतकऱ्याला शेणाचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या चुलीची सोय करा, त्यासाठी गावाजवळ सरपणाची राने राखा. हा सल्ला फारसा अमलात आला नाही. परंतु शिकवणाऱ्याने आधी घरातली अडचण समजून घ्यावी, मग तोंड उघडावे, हा धडा त्या अहवालात सापडतो, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा विसरला गेला.

यानंतरचे ठिकाण मराठी माणसाला घरचे वाटावे असे आहे. होळकरांच्या इंदूरला १९२४ साली वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. कापूस समितीचा पैसा, मध्य भारतातील संस्थानांचा आश्रय आणि होळकर दरबारची जमीन यांवर ती उभी होती. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हॉवर्ड यांची एक लकब अशी की, पिकांवरील कीड आणि गावचा शेतकरी या दोघांनाच ते आपले प्राध्यापक मानीत. इंदूरला त्यांना जोड मिळाली ती रसायन विभागातील यशवंत वाड यांची. या दोघांनी मिळून शेतातला काडीकचरा, कपाशीच्या पळाट्या, तण, गोठ्यातले शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचा मेळ बसवला. १९३१ साली दोघांच्या नावाने निघालेल्या इंग्रजी ग्रंथात ही रीत सांगितलेली आहे, आणि तेव्हापासून जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

रीत ऐकावयास सोपी आहे. काडीकचरा गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालून चुरून घ्यावयाचा. उथळ खड्ड्यात त्याचे थर द्यावयाचे. प्रत्येक थरावर शेणकाला, मुताची माती आणि राख शिंपडावयाची. ओल राखावयाची, पण चिखल होऊ द्यावयाचा नाही. काही दिवसांत ढीग इतका तापतो की, आत हात घालवत नाही. या उष्णतेने माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू मरतात, तणाचे बी निकामी होते. मग साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावयाचा, म्हणजे आतल्या जीवांना हवा मिळते. तीन महिन्यांनी हाती येते ती काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारख्या वासाची माती. या साऱ्यामागचे मर्म असे की, सूक्ष्म जीवांना देहबांधणीसाठी कर्ब आणि नत्र ठरावीक मापाने लागतात. नुसत्या काड्यांत कर्ब फार, नत्र थोडे. नुसत्या शेणामुतात नत्र अधिक आणि ते हवेत उडून जाणारे. कर्बाचे सुमारे तीस भाग आणि नत्राचा एक भाग असा मेळ बसला की काम वेगाने होते. भात आणि डाळ यांची जोड जशी आपल्याला पोसते, तशीच ही जोड त्या जीवांना पोसते.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला आले, तेव्हा ही संस्था त्यांनी पाहिली, आणि ‘हरिजन’मधून या खताची माहिती गावोगावच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचवली. तरीही इंदूरचे खत ज्या वेगाने परदेशी चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत पसरले, त्या वेगाने ते इंदूरच्या भोवतालच्या खेड्यांत पसरले नाही. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. संस्थेपाशी बैलांचा मोठा गोठा होता, पाणी होते, ढीग परतण्यास मजूर होते. एका बैलजोडीच्या कुणब्याजवळ यांतले काय होते? भर शेतीच्या दिवसांत खड्डा तीनदा वरखाली करणे आणि उन्हाळ्यात खतासाठी पाणी ओतणे, हे त्याच्या घरच्या माणसांना, विशेषतः बायकांना, न परवडणारे होते. शास्त्र अचूक होते, पण ते ज्या घरात जावयाचे त्या घराच्या मापाचे अजून झाले नव्हते.

माप लहान करण्याचा एक प्रयत्न बंगळूरला झाला. भारतीय विज्ञान मंदिरात डॉ. चि. न. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास नगरांसाठी निराळी रीत बसवली. गावाबाहेर चर खणावयाचे, त्यांत शहरचा केर आणि मैला आळीपाळीने थराथराने घालावयाचा, वरून माती लिंपून बंद करावयाचे आणि सहा ते आठ महिने त्याला हातही लावावयाचा नाही. परतण्याचे श्रम वाचले, पाणी वाचले, नत्रही अधिक टिकले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अन्नधान्याची भीषण टंचाई होती. अशा वेळी १९४७ च्या डिसेंबरात मीराबेन यांच्या कल्पनेतून दिल्लीला अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते. फाळणीच्या आगीत होरपळणाऱ्या राजधानीत त्या महिन्यात लोक केरकचऱ्यावर विचारविनिमय करीत होते, हे आज ऐकताना नवल वाटते. परंतु देशाचे पोट भरण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि खताच्या कारखान्यांना अजून अवकाश होता.

बंगळूरच्या रीतीत एक गोष्ट मात्र उच्चारली न जाता गृहीत धरलेली होती. चरापर्यंत मैला कोणी न्यावयाचा? शास्त्रीय लेखांत याचे उत्तर एका ओळीत येई. समाजात ते एका जातीच्या डोक्यावर होते. खरे तर उंबरठ्याबाहेर आपले ज्ञान का संपते, या मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मागील दाराच्या पलीकडे जे होते ते दुसऱ्याचे काम होते, आणि त्या दुसऱ्याला आपण घरात येऊ देत नव्हतो. जे काम आपण करावयाचेच नाही, ते आपण शिकणार तरी कसे?

या गाठीला ज्यांनी हात घातला ते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी भंगीकाम स्वतःकडे मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात पोचली, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी डिसेंबरच्या आरंभी उपवास सुरू केला, आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावरच तो सुटला. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपास करणारा माणूस ही आपल्या इतिहासातली एक विलक्षण घटना होय.

पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. मेलेल्या जनावरांच्या कातड्यापासून घरच्या संडासापर्यंत, ज्या ज्या वस्तूला समाज विटाळ मानी, तिचे तेथे धन करावयाचे असा संकल्प होता. गोपुरी संडासाची रचना साधी होती. दोन कप्पे आळीपाळीने वापरावयाचे. दर वेळी वर माती, राख किंवा पालापाचोळा टाकावयाचा. एक भरला की तो बंद करून काही महिने तसाच ठेवावयाचा आणि तोवर दुसरा वापरावयाचा. बंद कप्प्यात मैल्याचे रूप पालटते, वास जातो, आणि घरच्या माणसाला स्वतःच्या हातांनी ते खत काढून नारळी-पोफळीला घालता येते. मराठीत या खताला सोनखत असा शब्द पूर्वीपासून आहे. आपल्या पूर्वजांनी नाव सोन्याचे ठेवले आणि ते सोने उचलणाऱ्याला मात्र गावाबाहेर ठेवले. अप्पासाहेबांनी त्या नावाला साजेसे आचरण मागितले. त्यांच्या शिकवणीत शास्त्र इंदूर-बंगळूरचेच होते. भर पडली होती ती एका वाक्याची: ज्याची घाण त्याने आवरावी. ही भर घातल्याबरोबर खताची रीत घराच्या मापाची झाली, कारण आता तिला दुसऱ्याचे हात लागत नव्हते. मैला हाताने उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे आपल्याकडे पुढे १९९३ आणि २०१३ साली झाले. एका कायद्यानंतर दुसरा करावा लागला, यावरूनच अप्पासाहेबांचे वाक्य किती घरांत पोचावयाचे राहिले होते, हे कळते.

आता कथेचा दुसरा धागा घेऊ. तो आहे चुलीचा. शेण जाळले तर शेत उपाशी, शेतात घातले तर चूल थंड, हा व्होल्कर साहेबांनी मांडलेला पेच तसाच होता. तो सोडवणारी युक्ती निसर्गात, दलदलीतून वर येणाऱ्या बुडबुड्यांत, दडलेली होती. हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजला की जळणारा वायू निघतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असा वायू धरण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारास झाल्याची नोंद आहे, आणि पुढे त्या वायूवर इंजिनही चालवण्यात आले. शेणाकडे शास्त्रज्ञ वळले ते १९३९ च्या आसपास, दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेत, तेथे डॉ. देसाई यांनी प्रयोग केले. परंतु प्रयोगशाळेतले भांडे घराच्या परसात आणले ते जशभाई पटेल यांनी. १९५१ मध्ये त्यांनी तयार केलेल्या संयंत्राचे नाव होते ग्रामलक्ष्मी. विटांची एक विहीर, तीत शेण आणि पाणी यांचा सारखा काला, आणि वर उपडी घातलेली लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. आज स्वयंपाकापुरता वायू आहे की नाही, हे घरच्या बाईला टाकीकडे एकवार पाहून कळावे, अशी ही रचना. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ पासून तिचा प्रसार हाती घेतला.

या विहिरीत जे घडते ते स्वयंपाकघराच्या भाषेत सहज सांगता येते. काही सूक्ष्म जीव आधी शेणातील द्रव्ये आंबवून त्यांची आम्ले करतात. दुसरे जीव ती आम्ले खाऊन त्यांचा वायू करतात. या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, तोच जळतो. पहिले जीव चपळ, दुसरे सुस्त. एकाएकी फार माल टाकला तर आम्ले साचतात आणि वायू बंद पडतो, जसे फार वेळ ठेवलेले पीठ आंबटढाण होऊन वाया जाते. थंडी पडली की वायू कमी होतो, जसे दही लागत नाही. चार-पाच जनावरांचे रोजचे सुमारे ५० किलो शेण घातले, तर दोन घनमीटरच्या संयंत्रावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. आणि मुख्य गोष्ट अशी की, वायू निघून गेल्यावर जी रबडी बाहेर पडते, तिच्यात शेणातले नत्र जवळजवळ सारे शिल्लक असते. गोवरी जाळली तर मागे राख उरते; येथे चूलही पेटते आणि खतही उरते. शिवाय चूल धुरावाचून पेटते. धुराने डोळे आणि छाती झिजवणाऱ्या बायकांच्या दृष्टीने खताहूनही हे मोठे वरदान होते.

येवढे गुण असताना गोबर गॅस घरोघर का झाला नाही? १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारचे लक्ष या विषयाकडे वेधले. १९७८ साली लखनौला चिनी धर्तीवर लोखंडाशिवाय, विटांच्या घुमटाचे जनता संयंत्र तयार झाले. १९८४ मध्ये त्याहून स्वस्त असे दीनबंधू आले. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सरकारी हिशेबाने पुढच्या काळात सुमारे ५० लाख संयंत्रे बांधली गेली. आकडा लहान नाही. परंतु बांधलेले प्रत्येक संयंत्र पेटते राहिले असे नाही. त्याची कारणे पाहिली तर ती शास्त्राची नाहीत. अनुदान बांधण्यास मिळाले, दुरुस्तीला गवंडी मिळाला नाही. उद्दिष्टाचे आकडे भरावयाचे म्हणून जेथे दोन जनावरे होती तेथे चार जनावरांची विहीर बांधली गेली. शेणाइतकेच पाणी लागते, ते कोणी आणावयाचे याचा विचार झाला नाही. शिकवणी बहुधा कर्त्या पुरुषाला मिळाली. रोज सकाळी काला कालवण्याचे काम मात्र सुनेकडे आले. आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी रानात, रस्त्यावर पडलेले शेण ज्याचे कोणाचे नसे. भूमिहीन बाई ते वेचून गोवऱ्या थापी आणि आपली चूल चालवी. शेणाला मोल आल्याबरोबर जनावरांच्या मालकाने ते आवरून धरले. गुरे ज्याच्या दावणीला, वायू त्याच्या चुलीला. जिच्यापाशी गुरे नाहीत तिच्यापाशी आता गोवरीही नाही. संडास जोडलेल्या संयंत्राच्या वायूवर रांधलेले अन्न खाण्यास अनेक घरे तयार नव्हती, ही तर जुनीच गाठ पुन्हा वर आली. शेवटी २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर खेड्यांत पोचले, आणि पुष्कळ घरांना रोजचा काला कालवण्याचे प्रयोजन उरले नाही.

ज्या घरांत संयंत्र टिकले, तेथे काय निराळे होते? तेथे जनावरे पुरेशी होती, गवंडी हाकेच्या अंतरावर होता, रबडीला शेतात गिऱ्हाईक होते, आणि विहिरीचा स्वभाव त्या घरच्या बाईला ठाऊक झालेला होता. ती संयंत्राला विरजणाच्या भांड्याप्रमाणे वागवीत होती. अनुदानाने विहीर मिळते. हा सहवास अनुदानाने मिळत नाही.

शतकाच्या अखेरीस प्रश्न शहरांकडे सरकला. शहरात गुरे नाहीत, पण स्वयंपाकघरे आहेत, आणि आपल्याकडील शहरी कचऱ्यात मोठा वाटा ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचाच असतो. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी येथे एक मार्मिक गोष्ट हेरली. हे कर्वे म्हणजे महर्षींचे नातू आणि इरावतीबाईंचे पुत्र. शेण हे जनावराच्या पोटातून एकदा पचून आलेले अन्न आहे. त्यातले सत्त्व जनावराने आधीच काढून घेतलेले असते. मग सूक्ष्म जीवांना उरलेसुरले देण्यापेक्षा खरकटे, पिष्टमय पदार्थ, वाया गेलेले धान्य असे ताजे अन्न का देऊ नये? त्यांच्या संस्थेने २००३ च्या सुमारास प्लास्टिकच्या दोन टाक्या एकीत एक बसवून गच्चीत मावेल असे संयंत्र तयार केले. त्याला शेण लागते ते फक्त आरंभी, विरजणापुरते. २००६ साली या कामाला इंग्लंडातील ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्यांना वायू नको, खत पुरे आहे, त्यांच्यासाठी इंदूरचीच रीत बादलीच्या मापात आली. भोके पाडलेली बादली, भाजीच्या देठांवर तितकाच कोरडा पाला, मूठभर जुने खत, आणि आठवड्यातून एकदा खालीवर करणे. दुर्गंधी आली तर समजावे की ओल फार झाली, पाला वाढवावा. महिना लोटूनही काही घडले नाही तर समजावे की कोरडे पडले, पाणी शिंपडावे. हॉवर्ड आणि वाड यांनी एका ग्रंथात जे सांगितले, त्याचे सार एवढ्यात येते.

२००० साली आणि पुन्हा २०१६ साली झालेल्या केंद्रीय नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी शहरवासीयांवर टाकली. यात बादलीहून मोठे असे काही गुंतलेले आहे. आपण जेव्हा सारा कचरा एकत्र करून दाराबाहेर ठेवतो, तेव्हा तो वेगळा करण्याचे काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातांवर जाते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातल्या होत्या. कुजक्या ढिगातून कागद आणि काच वेचताना त्यांचे हात कापत, चिघळत. ओले वेगळे मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी म्हणजे अप्पासाहेबांचेच वाक्य नव्या शब्दांत होते.

मागे वळून पाहिले तर ध्यानात येते की, शास्त्राने आपले काम बऱ्याच लवकर पुरे केले होते. इंदूरचा ग्रंथ १९३१ चा, बंगळूरची रीत १९३९ ची, ग्रामलक्ष्मी १९५१ ची. त्यानंतरचा सारा काळ गेला तो शिकवण्यात, आणि त्या शिकवण्यातील चुका सुधारण्यात. जेथे शिकवणाऱ्याने घराला अडाणी मानले, तेथे त्याची विहीर कोरडी पडली. जेथे त्याने चुलीची अडचण, पाण्याची ओढ आणि बाईचा दिवस आधी विचारात घेतला, तेथे रीत रुजली. आणि जेथे घाण आवरण्याचे काम परक्या हातांवर ढकललेले राहिले, तेथे कितीही उत्तम पद्धत नेली तरी ती दाराशीच थांबली.

श्रोतेहो, इंदूरपासून कणकवलीपर्यंत आणि दिल्लीपासून बंगळूरपर्यंत आपण कोठेही राहत असा, आपल्या ओट्याखाली आज रात्री थोडी देठे, साली आणि खरकटे जमणार आहेच. त्याचे काय करावे, हे सांगणारे ज्ञान आपल्या दारात कधीचे येऊन उभे आहे. ते आत घेण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. एक बादली लागते, मूठभर विरजण लागते, आणि हे काम आपले स्वतःचे आहे असे मानणारे दोन हात लागतात.